तीन वर्षांच्या मुलाला उत्तर कोण देतं?

नर्सरीच्या प्रवेशाचे दिवस जवळ आले की गोव्यात तीन वाद हमखास पेटतात. पहिला वयाचा. शाळा सुरू होण्याच्या दिवशी मुलाचं वय तीन वर्षांना काही आठवडे कमी पडतं, प्रवेश मिळत नाही, आणि ‘आमच्या मुलाचं अख्खं वर्ष वाया गेलं’ ही तक्रार घेऊन पालक वर्तमानपत्रांपासून आमदाराच्या दारापर्यंत जातात. दुसरा माध्यमाचा, तो तर आपल्याकडे एका पिढीहून जास्त काळ चालू आहे. तिसरा पैशांचा: प्लेस्कूल ही गरज आहे की नुसती दुकानदारी? तिन्ही वादांत माणसं तावातावानं बोलतात, एकमेकांच्या हेतूंवर शंका घेतात. पण ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय ते मूल सकाळी नऊ ते बारा त्या खोलीत काय करतं, त्याच्याशी कोण बोलतं, त्यानं काही विचारलं तर त्याला उत्तर मिळतं का, हे या वादांत कुणी विचारताना दिसत नाही.

माझ्या मते मात्र सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हाच आहे. अडीच ते चार या वयातलं शिक्षण मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतं: मुलाचं ऐकून घ्यायला आणि त्याला उत्तर द्यायला सवड असलेलं मोठं माणूस जवळ आहे का, आणि त्या एका माणसाच्या वाट्याला अशी किती मुलं आहेत. वय, माध्यम, फी, इमारत, पाटी-पेन्सिल या सगळ्याचा विचार त्यानंतर. सरकारचा पैसा, शिक्षिकेचा वेळ आणि कायद्याचा धाक यांचा मोठा भाग याच एका गोष्टीसाठी खर्ची पडायला हवा. आज तो पडत नाही.

आधी वयाचा वाद बाजूला करू, कारण तो सगळ्यात सोपा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा पायाभूत टप्पा ठरवला. पूर्वप्राथमिकची तीन वर्षं, मग पहिली आणि दुसरी. पहिलीत जाताना सहा वर्षं पूर्ण हवीत. गोव्यानं हा टप्पा २०२३–२४ पासून लागू केला. तेव्हापासून काठावरच्या जन्मतारखा असलेल्या मुलांचे पालक अस्वस्थ आहेत. त्यांची अस्वस्थता मला समजते. नियमाची रेघ कुठेही मारली तरी कुणीतरी तिच्या पलीकडे राहतंच. पण वर्गात सगळ्यात लहान असण्याचीही किंमत असते आणि ती मूल मोजतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात प्रवेशाची रेघ ३१ डिसेंबरला आहे. तिथल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. डिसेंबरमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांवर अतिचंचलतेच्या विकाराचं निदान जानेवारीत जन्मलेल्या मुलांपेक्षा खूप जास्त वेळा झालेलं आढळलं: मुलग्यांत ३० टक्क्यांनी, मुलींत ७० टक्क्यांनी जास्त. ही जास्तीची मुलं आजारी नव्हती, लहान होती. अकरा महिन्यांनी मोठ्या सोबत्यांशी त्यांची तुलना होत होती, एवढंच. तेव्हा वर्ष वाया जातं ते घरी राहिल्यामुळे नव्हे. घरी असो वा शाळेत, मुलाकडे कुणाचं लक्ष नसेल तर ते वाया जातं.

इथे एक जोरकस आक्षेप येतो, आणि तो विज्ञानाचा आधार घेऊन येतो. मेंदूच्या वाढीचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग सहाव्या वर्षाआधी पूर्ण होतो असं खुद्द राष्ट्रीय धोरणातच म्हटलं आहे. मग थांबायचं कशाला? जितक्या लवकर अक्षरं, आकडे, इंग्रजी सुरू होईल तितकं बरं, नाही का? या युक्तिवादाचा पहिला अर्धा भाग खरा आहे. ही वर्षं मोलाची आहेत, ती परत येत नाहीत, आणि ‘लहान आहे अजून, त्याला काय कळतंय’ असं म्हणून ती सोडून देणारा पालक मुलाचं नुकसान करतो. पण दुसरा अर्धा भाग पहिल्यातून निघत नाही. मेंदूची वाढ वेगानं होते म्हणजे त्यात काहीही कोंबलं तर ते राहतं, असं नव्हे. ही वाढ होते ती देवाणघेवाणीतून. मूल बोट दाखवतं, मोठं माणूस तिकडे बघून नाव सांगतं. मूल मोडकं वाक्य बोलतं, मोठं माणूस ते पुरं करून परत देतं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ साली चार ते सहा वयाच्या ३६ मुलांची घरातली बोलणी ध्वनिमुद्रित केली आणि त्यांच्या मेंदूचं काम तपासलं. मुलाच्या कानांवर एकूण किती शब्द पडले यापेक्षा त्याच्याशी आळीपाळीनं किती बोलणं झालं, याचा मेंदूतल्या भाषेच्या केंद्राच्या कामाशी जास्त जवळचा संबंध दिसला. त्याआधी २००३ साली वॉशिंग्टन विद्यापीठात नऊ-दहा महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन चिनी ऐकवण्यात आली. काहींना समोर बसून खेळणाऱ्या बाईकडून, काहींना त्याच बाईच्या चित्रफितीतून. बारा बैठकींनंतर पहिल्या गटातल्या बाळांना चिनी भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. चित्रफीत पाहिलेल्या बाळांना ते जमलं नाही. आवाज तोच, शब्द तेच. समोर बघून प्रतिसाद देणारं माणूस तेवढं नव्हतं.

हे आपल्या घरात कसं दिसतं? चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायला घेतात तेव्हा घरात सुपारीचे घोस येतात, नारळाची पेंड येते, चिबूड, तोरंजन, आंबाडे, रानातून आणलेली कांगलां आणि फागलां येतात. अडीच-तीन वर्षांचं मूल त्या ढिगापाशी जाऊन बसतं. हे काय, ते काय. याला काटे का, ते गुळगुळीत का. चिबूड उचलत नाही, आंबाडा उचलतो. मोठं एकीकडे, लहान एकीकडे. आणखी एक दे. हे कुणी आणलं, कुठून आणलं. वर्गीकरण, वजनाची जाण, मोजणी, शब्दसंपत्ती, कार्यकारण, सगळं त्या तासाभरात घडू शकतं, आणि त्यासाठी कुठलाही अभ्यासक्रम छापावा लागत नाही. एकच अट आहे. ढिगापाशी बसलेल्या मोठ्या माणसानं उत्तरं दिली पाहिजेत. ‘हात लावू नको, तिकडे बस, हा घे मोबाइल’ असं म्हटलं की त्याच घरात, त्याच चवथीला, त्यातलं काहीही घडत नाही.

म्हणून ‘आमच्या वेळी कुठे होत्या बालवाड्या, आम्ही काय बिघडलो?’ या प्रतिप्रश्नालाही मी मान डोलावू शकत नाही. तेव्हाच्या घरांत पाच-सात मोठी माणसं असत, शेजारची दारं उघडी असत, अंगण असे. उत्तर द्यायला कुणी ना कुणी सापडे. शिवाय त्या काळाबद्दल एक गोष्ट आपण सोयीनं विसरतो. धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरणारी आठ-नऊ वर्षांची बहीण हीच कित्येक घरांत बालवाडी होती, आणि त्यापायी तिची स्वतःची शाळा सुटत होती. ती व्यवस्था परत आणायची कुणाची इच्छा आहे? आज पर्वरीतल्या किंवा मडगावातल्या फ्लॅटमध्ये आई-बाबा दोघं कामावर, आजी-आजोबा दूर सत्तरी किंवा पेडणे तालुक्यात. वेर्ण्याच्या कारखान्यात पाळी, किनाऱ्यावरच्या हॉटेलात पाळी. अशा घरानं अडीच वर्षांच्या मुलाला प्लेस्कूलमध्ये घातलं तर त्याला हौस किंवा चढाओढ म्हणणं अन्यायाचं आहे. ती गरज आहे, आणि तिच्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

इतिहासही हेच सांगतो. मारिया माँटेसरींचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडलं, ते कुणाला थोर शैक्षणिक प्रयोग करायचा होता म्हणून नव्हे. तिथल्या चाळींचे आई-बाप दिवसभर कामावर जात, मागे राहिलेली पोरं जिने आणि भिंती खराब करत, आणि इमारतींच्या व्यवस्थापनाला त्यांना सांभाळणारं कुणीतरी हवं होतं. सांभाळण्याच्या गरजेतून सुरुवात झाली. माँटेसरींचं मोठेपण असं की त्या सांभाळून थांबल्या नाहीत, मुलांकडे बघत राहिल्या आणि त्यांना काय हवंय ते शिकल्या. आज गोव्यात गल्लोगल्ली त्यांच्या नावाच्या पाट्या आहेत. त्यातल्या काही खरोखर त्या नावाला जागतात. पण पाटीवर नाव आणि आत बाकांवर हाताची घडी घालून बसलेली तीन वर्षांची मुलं, असंही चित्र दिसतंच, आणि त्याला कुणी आक्षेप घेत नाही.

लवकर शाळेच्या बाजूनं सगळ्यात भक्कम पुरावा म्हणून पेरी प्रकल्पाचं नाव घेतलं जातं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात इप्सिलँटी या गावी १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या १२३ मुलांपैकी ५८ जणांना तीन-चार वर्षांच्या वयात बालशाळा मिळाली, बाकीच्यांना नाही. मग दोन्ही गटांचा मागोवा चाळिशीपर्यंत घेतला गेला. बालशाळेत गेलेल्यांची कमाई जास्त, शिक्षण जास्त, अटकेचे प्रसंग कमी. हा पुरावा मी मानतो. मात्र त्या बालशाळेत काय होत होतं तेही बघायला हवं. वीस-पंचवीस मुलांमागे चार प्रशिक्षित शिक्षिका, म्हणजे एकीच्या वाट्याला पाच-सहा मुलं. रोज सकाळी अडीच तास. मुलं स्वतः ठरवत की आज काय करायचं, करत, आणि मग काय केलं ते शिक्षिकेला सांगत. शिवाय आठवड्यातून एकदा शिक्षिका दीड तास मुलाच्या घरी जाऊन आईसोबत बसे. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: बुद्ध्यांकात सुरुवातीला मिळालेली आघाडी काही वर्षांत ओसरली. टिकलं ते वेगळंच काहीतरी: काम हाती घेण्याची, ते पुरं करण्याची, माणसांशी जमवून घेण्याची सवय. पेरीचं नाव घेऊन चाळीस मुलांच्या वर्गात ए-बी-सी-डी घोकून घेणाऱ्यांनी नेमकं काय उचललं त्यातून?

उलट दिशेचा पुरावाही आहे. टेनेसी राज्यानं चार वर्षांच्या गरीब मुलांसाठी सरकारी पूर्वप्राथमिक वर्ग काढले. जागा कमी, अर्ज जास्त, म्हणून चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिले. त्यामुळे प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना करता आली. २०२२ साली सहावीपर्यंतचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्गात गेलेली मुलं पहिल्या वर्षाअखेरीस पुढे होती, आणि सहावीत मागे. परीक्षांतही आणि शिस्तीच्या बाबतीतही. या निष्कर्षावर तज्ज्ञांत वाद आहेत आणि एका राज्यावरून जगाचा न्याय करता येत नाही. पण ‘शाळा लवकर म्हणजे फायदा नक्की’ हे गृहीतक त्यानंतर कुणालाही सहज उच्चारता येऊ नये. शाळा कुठली, आत काय, हेच सगळं आहे.

पेन्सिलीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण पालकांची सगळ्यात मोठी भीती तिथे आहे. शेजारचं मूल एक ते पन्नास लिहितं, आपलं अजून रेघोट्याच मारतं. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती हाडं नसतात, कूर्चा असते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास त्यातली दोन-तीनच हाडं आकाराला आलेली असतात. आठही व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. तीन बोटांत पेन्सिल स्थिर धरण्याची पकड बहुतेक मुलांना चार ते सहा या वयात येते. त्याआधी मूल मुठीत खडू धरून हवं ते ओढतं, आणि ते त्यानं ओढावंच. पण ठिपक्यांवरून ‘अ’ गिरवायला लावून पानं भरून घेणं म्हणजे जे अवयव अजून तयार नाहीत त्यांच्याकडून काम करून घेणं आहे. बोटांत ताकद येते ती भाकरीचं पीठ मळून, ओल्या मातीचे गोळे करून, नारळाची सोडणं सोलायला धडपडून, शेंगा फोडून. (कच्च्या काजूबिया मात्र हातात देऊ नयेत, त्यांच्या सालीतलं तेल कातडी भाजतं. आणि तीन वर्षांखालच्या मुलासमोर तोंडात जाण्याजोग्या बिया एकट्यानं खेळायला कधीच ठेवू नयेत.) माँटेसरींच्या शाळेत चार-पाच वर्षांची मुलं लिहू लागली हे खरं आहे आणि ते लपवण्याचं कारण नाही. पण त्याआधी कित्येक महिने त्यांची बोटं खरकागदाच्या अक्षरांवरून फिरली होती, साच्यांच्या कडांवरून फिरली होती, आणि लिहायला कुणी बसवलं नव्हतं. अक्षराशी माझं वैर नाही. वैर आहे ते जबरदस्तीशी आणि मापानं पान भरण्याशी.

‘पण पहिलीच्या बाई म्हणतात, मूल वाचतं-लिहितं यायला हवं.’ हा आक्षेप खरा आहे आणि एकट्या पालकानं त्याच्याशी लढावं असं म्हणणं क्रूरपणाचं होईल. शेजारचे सगळे धावत असताना एकाच घरानं आपल्या मुलाला थांबवून ठेवायचं, हे धैर्य मागायचं कुणाकडे? म्हणूनच इथे नियम लागतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेणं बेकायदा ठरवलं आहे. पहिल्या खेपेला दंड २५ हजार रुपयांपर्यंत. १९९३ साली यशपाल समितीनं मुलांवरच्या ओझ्याबद्दल दिलेला अहवाल याच दिशेचा होता. नियम आहेत. ते पाळले जातात की नाही हे बघायला माणूस हवा, आणि तक्रार करणाऱ्या पालकाच्या मुलाला त्याचा त्रास होणार नाही याची हमी हवी.

आता माध्यम. गोव्यात या प्रश्नावर बोलताना माणसं आधी तुमचा गट विचारतात, म्हणून स्पष्टच सांगतो: ही मांडणी मराठी विरुद्ध कोंकणी अशी नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांत चुलीपाशी कोंकणी, आरती-कीर्तनात आणि वर्तमानपत्रात मराठी, टीव्हीवर हिंदी असं एकाच वेळी नांदतं, आणि मुलं त्यात सुखानं वाढतात. दोन-तीन भाषांनी मूल गोंधळत नाही. प्रत्येक भाषेत त्याच्याशी खरं बोलणारं माणूस असलं की पुरे. अडचण दुसरीकडेच आहे. १९९० पासून सरकारनं अनुदान प्रादेशिक भाषांतल्या प्राथमिक शाळांना दिलं, २०११ साली ते इंग्रजी शाळांनाही दिलं, आणि आजतागायत भांडण त्या अनुदानाभोवती फिरतंय. या सगळ्या काळात पूर्वप्राथमिक वर्ग मात्र बहुतेक खासगी आणि बहुतेक इंग्रजी राहिले. मूल तीन वर्षांचं असताना इंग्रजी नर्सरीत, सहाव्या वर्षी मराठी किंवा कोंकणी प्राथमिकमध्ये, आणि पाचवीत पुन्हा इंग्रजीत, असा उलटसुलट प्रवास गोव्यातल्या एका अख्ख्या पिढीनं केला. भाषेसाठी रस्त्यावर उतरलेल्या चळवळींनी पहिलीपासून पुढचं रण लढवलं. भाषेच्या दृष्टीनं सगळ्यात कोवळं वय लढाईबाहेरच राहिलं.

इंग्रजीच्या बाजूनं सगळ्यात वजनदार मुद्दा असा: गोव्यात रोजगार, उच्च शिक्षण, बाहेरची वाट, सगळं इंग्रजीतून जातं. ज्यांची स्वतःची मुलं इंग्रजी शाळेत आहेत त्यांनी गरिबाला मातृभाषेचं महत्त्व सांगावं, हा दुटप्पीपणा नव्हे का? दुटप्पीपणाच आहे, आणि भाषेच्या व्यासपीठांवरून तो वारंवार घडला आहे. इंग्रजी यायला हवी, चांगली यायला हवी, गरिबाच्या मुलाला तर आधी यायला हवी. पण तीन वर्षांच्या मुलाला इंग्रजी येते कशी? तिच्यात सहज वावरणाऱ्या माणसाशी बोलून. जी शिक्षिका स्वतः इंग्रजीत अवघडते, तिच्यावर इंग्रजीची सक्ती केली की तिच्याकडे आज्ञा तेवढ्या उरतात: सिट डाउन, स्टँड अप, कीप क्वाएट, फिंगर ऑन युअर लिप्स. हीच बाई घरच्या भाषेत मुलाला कावळ्याची गोष्ट सांगेल, ‘मग तो उडून कुठे गेला असेल सांग?’ असं विचारेल, मूल काहीतरी अजब उत्तर देईल, ती त्यावर आणखी एक प्रश्न विचारेल. इंग्रजीत तिला तो दुसरा प्रश्न सुचत नाही. मुलाला मग इंग्रजीही मिळत नाही आणि घरच्या भाषेतलं संभाषणही हातचं जातं. फळांची नावं इंग्रजीत पाठ झाली म्हणून घरात कौतुक होतं. ‘मला भूक लागली’, ‘त्यानं मला ढकललं’, ‘मला भीती वाटते’ हे त्या खोलीत कुठल्या भाषेत सांगायचं ते त्याला कळत नाही, आणि मग ते सांगतच नाही. झुआरीनगरमधल्या कन्नड बोलणाऱ्या मजुराच्या मुलाची आपल्या अंगणवाडीत हीच गत होते, आणि त्याच्याबद्दल तर आपण कुणीच बोलत नाही. मातृभाषेचा आग्रह खरा असेल तर तो त्या मुलापर्यंतही पोचला पाहिजे.

अशा वेळी मला ताराबाई मोडक आठवतात. भावनगरला गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा करून, त्या १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. गावात बालवाडी काढली तर आदिवासी पाड्यावरची मुलं तिथे येईनात. शिक्षणाला महत्त्व नाही म्हणून आई-बापांना दोष देऊन मोकळं होणं सोपं होतं. ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. पुढे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा नेली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढलं. बी-बिया, शंख-शिंपले, पानं, माती ही त्यांची साधनं होती, वारली मुलांची बोली त्यांना चालत होती, आणि मुलाला आंघोळ घालणं, केस विंचरणं हेही त्या शिक्षणच मानत होत्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं ३३ विभागांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी देशभर पोचायला लागली. कल्पना मराठी मुलखातल्या दोन बायकांनी घासून-पुसून तयार केलेली. आणि आज गोव्यातला मराठी मध्यमवर्ग अंगणवाडीकडे बघतो ते ‘खिचडी मिळते ती जागा’ म्हणून.

त्या नजरेला कारणं आहेत, ती नाकारत नाही. गोव्यात बाराशेंहून जास्त अंगणवाड्या आहेत, बहुतेक प्रत्येक वाड्याच्या हाकेच्या अंतरावर. मात्र सेविकेची सकाळ कशी जाते ते पाहा. वजनं घ्या, उंची घ्या, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर माहिती भरा, नेटवर्क नसेल तर रस्त्यावर उभं राहून भरा, गरोदर बायकांच्या घरी जा, आहाराचा हिशेब ठेवा, सर्वेक्षण करा, लसीकरणाला मुलं गोळा करा. उरलेल्या वेळात शिकवा. केंद्राच्या वाट्याचं मानधन २०१८ साली महिना साडेचार हजार झालं. त्यात राज्य भर घालतं, तरी तिला सरकार अजून कर्मचारी म्हणत नाही. राष्ट्रीय धोरणानं बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचं आणि त्याहून कमी शिकलेलीला वर्षभराचं प्रशिक्षण सुचवलं. २०२३ साली अंगणवाडीत शिकवण्यावर भर देणारा केंद्राचा ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम जाहीर झाला आणि रोज दोन तास शिकवण्याची अपेक्षा आली. अपेक्षा योग्य आहे. पण ट्रॅकर तोच, रजिस्टरं तीच आणि माणसं तेवढीच असतील तर ते दोन तास येणार कुठून?

२०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणानं तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे आणि तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक मोठं माणूस असावं असं म्हटलं आहे. बालहक्क संरक्षण आयोगाच्या खासगी प्लेस्कूलसाठीच्या मार्गदर्शक सूचनांतही वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस आहे. साधा हिशेब करू. तीन तासांची १८० मिनिटं. वीस मुलं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला नऊ मिनिटं. तीस असली तर सहा. त्यातून डबा, शी-शू, रडणं, प्रार्थना वजा करा. मुलाचं एक वाक्य पुरं ऐकायला तरी वेळ उरतो का? नोंदणीचे अर्ज मागवताना आपल्याकडे इमारतीची कागदपत्रं, कॅमेरे, अग्निशमनाची व्यवस्था बघितली जाते. ते आवश्यकच आहे. पण प्रवेशाच्या जाहिरातीत आणि दारावरच्या फलकावर एका शिक्षिकेमागे किती मुलं हे लिहिणं सक्तीचं केलं, आणि तो आकडा वर्षातून दोनदा न कळवता येऊन तपासला, तर पालक शाळा निवडताना त्याचीच विचारणा करू लागतील. वातानुकूलित वर्ग आणि स्मार्ट बोर्ड यांच्यावर जाणारा पैसा मग आपोआप दुसऱ्या शिक्षिकेच्या पगाराकडे वळेल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली दोन ते चार वयाच्या मुलांसाठी दिवसभरात एका तासाहून जास्त पडदा नको, कमी असेल तितकं चांगलं, आणि किमान तीन तास अंग हलतं हवं असं सांगितलंच आहे. घरचा मोबाइल धरता तो एक तास शाळेत यायच्या आधीच संपलेला असतो.

पैसा कुठून आणायचा हा शेवटचा आक्षेप. संविधानाच्या अनुच्छेद ४५ मध्ये सहा वर्षांखालच्या मुलांच्या संगोपनाची आणि शिक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, हक्क नाही. २००९ च्या कायद्यानंही तीन ते सहा वयाची सोय राज्याच्या मर्जीवर सोडली. म्हणून अंदाजपत्रकात हे वय नेहमी शेवटी येतं. गोव्याला हे कारण सांगता येणार नाही. राज्य लहान आहे, अंतरं लहान आहेत, आणि पट घटल्यामुळे बंद झालेल्या सरकारी प्राथमिक शाळांच्या इमारती पेडणे, सत्तरी, डिचोलीच्या गावागावांत उभ्या आहेत. १९६१ च्या मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारनं वाड्यावाड्यावर शाळा नेल्या त्याचाच तो वारसा. भाड्याच्या पडवीत किंवा देवळाच्या सभामंडपात चालणारी अंगणवाडी तिथे न्या, तिला अंगण द्या, आणि प्रत्येक अंगणवाडीत फक्त मुलांसाठी अशी दुसरी प्रशिक्षित बाई नेमा, जिच्याकडे एकही रजिस्टर असणार नाही. पोर्तुगीज अमलात सरकारकडून काहीच मिळत नव्हतं तेव्हा पणजीत घरटी मूठभर तांदूळ गोळा करून मुष्टिफंडानं मराठी शाळा चालवली. त्या समाजाच्या वंशजांनी आज पैशाची सबब सांगू नये. पुढच्या ग्रामसभेत रस्ते आणि गटारांच्या जोडीला हाही विषय लेखी मांडता येईल: आपल्या वाड्यावरच्या अंगणवाडीत मुलं किती, त्यांच्यासोबत मोठी माणसं किती, सकाळच्या दोन तासांत सेविकेला दुसरं कुठलं काम सांगितलं जातं का, आणि गावातली बंद शाळा तिला केव्हा मिळणार.